भिंगरीमामाचे हात

माझ्या मामाला बसून चहा पिताना मी कधी पाहिलेलं नाही. कप हातात, एक पाय उंबऱ्याच्या आत, दुसरा बाहेर आणि लक्ष तिसरीकडेच. "ह्याचं लग्नसुद्धा उभ्यानेच लागलं," मामी म्हणते, "आणि त्यानंतर हा बसलाच नाही." पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात. मामाच्या बाबतीत लोकांनी पायाचा उल्लेख सोडून दिला आणि सरळ त्यालाच भिंगरी म्हणायला लागले. मी भाची, म्हणून माझा तो भिंगरीमामा.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. घराच्या मागच्या बोळात त्याचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. तिथे जुन्या मोटारी, ब्रेकच्या कॉइल, तारेचे दोर आणि ग्रीसचे डबे अशा दाटीने पडलेले असतात, की मांजरसुद्धा अंग चोरून जातं. कुठल्याही इमारतीत शिरला की मामा आधी लिफ्टच्या दाराला तळवा लावतो आणि कान देतो. मग निदान. "हिला दमा आहे." "ही वयात आलीय, ओरडते फार." एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेला असताना हा जेवणाच्या वेळी सापडेना. शेवटी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये सापडला, नवा शर्ट ग्रीसने बरबटलेला. "आवाज ऐकवेना," म्हणाला.

असा माणूस गेल्या वर्षी दवाखान्यात खाटेवर पडला. लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरताना गंजलेल्या पट्टीने पोटरी कापली गेली होती. मामाने चिंधी बांधली आणि काम पुरं केलं. मग पाय भोपळ्यासारखा सुजला, ताप चढला आणि मामीने त्याला अक्षरशः ओढत आमच्या रुग्णालयात आणलं. आमच्या म्हणजे, त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी संशोधन करते. कशावर, तर पोटातल्या एका जिवाणूवर. मामाला हे भारी गमतीचं वाटायचं.

"आमची भाची शिकली, शिकली आणि शेवटी पोचली कुठे? लोकांच्या शौचकूपात!" खाटेवरून तो शेजारच्या रुग्णाला मोठ्याने सांगत होता.

"मामा, हळू बोल. आणि खरं तिथेच कळतं सगळं."

"बघा! वर तोंड करून सांगते!"

हातात सलाइन असताना तो दोनदा खाटेवरून उठून गेला. एकदा सलाइनचा स्टँड ढकलत थेट लिफ्टमनपर्यंत पोचला आणि लिफ्टचा ब्रेक घासतोय म्हणून त्याला सुनावून आला. सिस्टरने मामीला बोलावून विचारलं, "घरी पण असेच का हो?" मामी म्हणाली, "इथे जरा कमी आहेत. सुई टोचलेली आहे ना."

पायाची सूज उतरली. आता सोडणार, एवढ्यात पोट बिघडलं. साधं नाही. मामा दिवसभर खाट ते संडास, संडास ते खाट. पायाच्या जखमेसाठी दिलेल्या जबर औषधांनी पोटातले भले-बुरे सगळे जिवाणू झोडपून काढले होते आणि रिकाम्या झालेल्या त्या जागेत एक उपरा घुसला होता. तोच, माझ्या अभ्यासाचा. त्याचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला सी-डिफ म्हणतो. तो रुग्णालयात फार भेटतो. वाईट दिवस आले की स्वतःभोवती कवच करून मेल्यासारखा पडून राहतो, खाटेच्या दांडीवर, नळावर, कुणाच्या बोटांवर. त्या कवचातल्या रूपाला बीजाणू म्हणतात. पोटात पोचला, जागा मोकळी मिळाली, की कवच टाकून उठतो आणि विष सोडतो.

मामाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे तसेच भिरभिरते. "आणि तू त्याचं काय करतेस?"

"त्याच्यात विष बनवणारी जनुकं असतात ना, त्यांच्या शेजारी एक जनुक असतं. विष आवरून धरणारं. ब्रेक समज. काही जिवाणूंत तो ब्रेक अख्खा असतो, काहींत त्याचा तुकडा गळालेला असतो. कुणाचा कसा आहे, ते मी बघते."

ब्रेक म्हणताच मामा कोपरावर उठून बसला. "ब्रेक सुटला की लिफ्ट कुठे जाते?"

"खाली."

"चूक! रिकामी लिफ्ट वर जाते. मागे तोलाचं वजन लटकलेलं असतं, ते लिफ्टच्या रिकाम्या खोलीपेक्षा जड. ब्रेक सुटला की वजन खाली, खोली वर. थेट छताला!" त्याने सलाइनचा हातच वर नेला. नळीत रक्त चढलं आणि सिस्टर धावत आली.

गंमत म्हणजे आमच्याही क्षेत्रात नेमक्या याच मुद्द्यावर भांडण आहे. ब्रेकचा तुकडा गळालेला जिवाणू जास्त विष करतो, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. काही जण म्हणतात, आम्ही ब्रेक मुद्दाम काढून पाहिला, विष होतं तेवढंच राहिलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. ब्रेक वेगवेगळे असतात, त्यामुळे ओळख पटवायला त्यांचा उपयोग होतो.

मामा बरा झाला, बारीक होऊन घरी गेला. त्याच्या पोटातून वाढवलेला जिवाणू इतर नमुन्यांबरोबर आमच्या थंडगार फ्रीझरमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईचं बाळ आलं. ताई म्हणजे मामाची मुलगी. घरात सगळेच तिला ताई म्हणतात, तिचे आईबाबासुद्धा. भाऊजींची नोकरी दूरच्या शहरात, म्हणून ती बाळंतपणाला इथे आली होती. बाळ वेळेआधी झालं. आमच्याच रुग्णालयाच्या नवजात विभागात ते काही आठवडे काचेच्या पेटीत होतं. एवढंसं, पण हातपाय सतत चालू. मामाने काचेतून पाहिलं आणि जाहीर केलं, "ही आपल्याच कंपनीचा माल आहे." तिचं नाव त्याने मुंगी ठेवलं. खरं नाव कागदावर आहे, त्याने घरात कुणी हाक मारत नाही.

मुंगी घरी आली आणि रडायला लागली. खाऊन रडायची, झोपून उठून रडायची, मध्येच आठवण झाल्यासारखी रडायची. एकाच गोष्टीने थांबायची. तिला घेऊन कुणीतरी चालत राहायला हवं. बसलात की संपलं. ताई अर्धमेली झालेली, मामीचे गुडघे दुखरे. उरला कोण? आयुष्यभर ज्याला सगळे "जरा बस रे" म्हणत आले, तो मामा. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, गॅलरी, परत स्वयंपाकघर. खांद्यावर मुंगी आणि तोंडाने मोटारीची बारीक घरघर. लिफ्टची गिऱ्हाइकं फोन करून थकली. तिचे लंगोटसुद्धा तोच बदलायचा, तेही चालता चालता. मामी म्हणायची, "माझी मुलगी लहान होती तेव्हा हा माणूस कुठे होता?" मामा म्हणायचा, "लिफ्टच्या शाफ्टमध्ये."

नवजात विभागातून ताई एक सवय शिकून आली होती. तिथे प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली टांगलेली असायची. तिने घरभर बाटल्या ठेवल्या. दाराशी, पाळण्याशी, टीव्हीशेजारी, संडासाबाहेर. आल्यागेल्याच्या हातावर ती फवारा मारायची. मामाला ही पद्धत मनापासून पटली. साबणाने हात धुवायचे तर बेसिनपाशी उभं राहावं लागतं. बाटली कशी, चालता चालता दाबली, चोळली, पुढे! तो तर एक छोटी बाटली खिशातच ठेवायचा. त्याच्या हातांना अर्धा ग्रीसचा आणि अर्धा दवाखान्याचा असा वास यायला लागला. मी तिथे जायचे, मुंगीचा पापा घ्यायचे, माझ्याही हातावर फवारा पडायचा. माझ्या काही लक्षात आलं नाही. घरी असले की मी भाची असते.

आणि मग मामाचं पोट पुन्हा बिघडलं.

या वेळी वाट न बघता नमुना तपासला. सी-डिफ. पोटाचे डॉक्टर म्हणाले, "जुनंच पुन्हा उठलेलं दिसतंय. हा पाहुणा असाच असतो. गेला म्हणावं, तर दारामागे उभा." त्यांनी औषध बदलून दिलं. होतंही बरेचदा तसंच, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ते बोलत असताना ताई शेजारी उभी होती, मुंगीला छातीशी धरून. तिने एकच वाक्य उच्चारलं. "म्हणजे बाबा इतके दिवस हे अंगात घेऊन हिला..."

पुढचं तिने गिळलं, पण मामाने ऐकायचं ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गादी घरात नव्हती. त्याने ती वर्कशॉपमध्ये नेऊन टाकली होती, मोटारींच्या मध्ये. तिथे मागच्या बाजूला एक संडास आहे आणि एक नळ. मामीने डबा पोचवायचा, तोही दाराबाहेर ठेवायचा, असं त्याने ठरवून टाकलं. नंतर मामी मला म्हणाली, "कुणी हाकललं नाही गं त्याला. पण कुणी थांब पण म्हणालं नाही. मीसुद्धा."

घरात मुंगी रडत होती. ताई तिला घेऊन फेऱ्या मारायची, पण मुंगीला बहुतेक ती घरघर हवी होती. ताईने भाऊजींना फोन करून सांगितलं, की बाळाला प्रवास झेपेल असं डॉक्टर म्हणाले की लगेच निघते.

मला मात्र दिवसभर मामाचे फोन. मी हातमोजे घालून बिनहवेच्या पेटीत काम करत असायचे. सी-डिफला हवा सोसत नाही, म्हणून त्याला तिथे वाढवावं लागतं. खिशात फोन थरथरत राहायचा. बाहेर येऊन उचलावा तर पलीकडून पत्र्यावर पावलांचा आवाज. मामा गादी सोडून फेऱ्याच मारत असणार.

"मला एक सांग. तोच बिघाड परत आलाय की नवीन बिघाड आहे?"

"डॉक्टर म्हणाले ना..."

"डॉक्टर म्हणाले दिसतंय. दिसतंय म्हणजे काय? मी गिऱ्हाइकाला दिसतंय सांगितलं तर तो मला खड्ड्यात टाकेल."

"मामा, औषध घेतोस ना वेळेवर?"

"औषधाचं सोड. हे बघ, जुनंच असेल तर ते माझ्यात घर करून बसलंय. कधीही उठेल. मग मी तिला हात लावणार नाही. शाळेत जायला लागली की लांबून बघेन."  मग म्हणाला, "ताई कधी निघणार, काही कळलं?"

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांचा चष्मा नेहमी कपाळावर आणि शोध टेबलावर चालू असतो. मी सगळं सांगितलं, रुग्ण माझा मामा आहे हेही. त्या म्हणाल्या, "पोटाच्या डॉक्टरांकडून तपासणीची रीतसर मागणी आण. दोन्ही जिवाणू शेजारी शेजारी लावू. पण निकाल तू एकटी वाचायचा नाहीस. आपल्या माणसाच्या बाबतीत डोळ्यांना हवं तेच दिसतं."

फ्रीझरमधला पहिला जिवाणू मी काढला. नव्या नमुन्यातून दुसरा वाढवला. त्यांच्या वसाहतींना तबेल्यासारखा वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. दोघांच्या ब्रेकच्या जनुकाच्या पुष्कळ प्रती काढल्या आणि जेलीच्या पातळ वडीतून विजेच्या ओढीने पळवल्या. ह्यात तुकडा जितका छोटा तितका तो पुढे जातो. वडी दिव्याखाली धरली. पहिला पट्टा जिथे असायला हवा तिथे होता, अख्खा ब्रेक. दुसरा त्याच्या पुढे गेला होता. तुकडा गळालेला.

मॅडमनी चष्मा खाली ओढला, पुन्हा पाहिलं. "वेगळे आहेत. जुनं उठलेलं नाही हे."

मी तिथूनच फोन लावला. "मामा, तुझं जुनं गेलेलंच आहे! हे नवीन आहे, बाहेरून आलेलं!"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. बहुधा डबा. "म्हणजे मी तिला... माझ्यात नव्हतं?"

"नव्हतं."

"मग मी घरी जातो."

"मामा, पोट अजून नीट झालेलं नाही. थांब जरा."

"जरा म्हणजे किती?"

मी फोन ठेवून वळले तर मॅडम तशाच उभ्या होत्या. "मामा खूश झाले?"

"खूप."

"मग आता पुढचा प्रश्न. दुसरा आला कुठून?"

मी म्हटलं, असेल रुग्णालयातूनच, तपासायला आला होता तेव्हा. मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" मी सांगायला लागले. मामी, ताई, आणि... मुंगी. तान्ह्या बाळांच्या पोटात सी-डिफ कितीदा तरी सापडतो. त्यांना तो काहीच करत नाही. बहुधा त्याच्या विषाला धरायला जी जागा लागते, ती त्यांच्या आतड्यांत अजून तयार नसते. नक्की कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. बाळ मजेत असतं आणि लंगोटात बीजाणू. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. मुंगी नवजात विभागात काही आठवडे होती. आणि लंगोट कोण बदलत होतं?

आणि ते सॅनिटायझर! बीजाणूच्या कवचाला त्याचं काही होत नाही. आंघोळ घातल्यासारखं होतं फक्त. ते हातावरून जातात साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली धुतल्यावर. सगळं घर दिवसभर फवारे मारत होतं आणि सगळं घर निश्चिंत होतं.

ताईकडे मुंगीचा एक मळका लंगोट मागायला गेले, तेव्हा ती तुटकपणे म्हणाली, "हिला काही झालंय का? सरळ सांग."

"नाही, हिला काहीही झालेलं नाही. सापडलं तरी हिला त्याचा त्रास नाही, आपोआप जाईल."

"मग कशाला हवंय?"

"मामासाठी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि दोन पिशव्यांत गुंडाळून घेऊन आली.  मुंगी तिच्या खांद्यावर रडत होती आणि ताईचे पाय आपोआप हलत होते.

मुंगीच्या नमुन्यातही तबेल्याचा वास आला. ब्रेकचा पट्टा दुसऱ्या जिवाणूच्या अगदी रांगेत. मॅडमचं समाधान झालं नाही. एकसारखा ब्रेक असलेले कितीतरी जिवाणू असतात. मग दोघांचा सगळा जनुकसंच वाचायला दिला. तो येईपर्यंत मला जेवण गोड लागेना. आला तेव्हा दोन्ही जिवाणू जवळजवळ अक्षराला अक्षर सारखे होते. तरी मॅडम म्हणाल्या, "कुणाकडून कुणाला, हे यातून कळत नाही." ते कळलं एका जुन्या नमुन्याने. मुंगी पेटीत होती त्याच दिवसांत आम्ही नवजात विभागातल्या बेसिनच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवून आणला होता. तो काढून वाचला. तोच जिवाणू, तोच गळालेला तुकडा. मामा तर त्या विभागात काचेच्या बाहेरच उभा असायचा, म्हणजे जिवाणू तिथून मुंगीकडे आला आणि तिच्याकडून त्याच्याकडे. मॅडमनी लगेच त्या विभागाला कळवायला फोन उचलला. मी पिशवी उचलली आणि वर्कशॉपकडे निघाले.

मामाचं पोट आता ताळ्यावर आलं होतं. तो दारातच उभा होता, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी जायच्या तयारीत. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो हसेल. म्हणेल, बघा, मुंगीने आजोबाला चावलं.

तो आत गेला, एक कॉइल उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. "हे घरी कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस."

"अरे, पण..."

"माझंच होतं म्हणून सांग. जुनंच."

"मामा, तुला कळतंय का? मग तुला इथेच राहावं लागेल. ताई निघून जाईल."

"जाऊ दे." तो आता त्या दाटीतही फेऱ्या मारत होता, मोटारींमधून आडवा होत. "पोरगी अजून मान धरत नाही, आणि तिच्यावर ठपका? हिच्यामुळे आजोबा आजारी पडला. हे असलं घरात मुरतं गं. ती वीस वर्षांची झाली तरी कुणीतरी चेष्टेत काढेल. आणि ताई? ती स्वतःला खात बसेल. लंगोट मला तीच बदलायला द्यायची ना!"

"आणि तू उद्या तीच बाटली खिशात घालून फिरशील आणि तिसऱ्यांदा पडशील. ह्याने माणसं जातात मामा, तुझ्या वयाची. मी रोज बघते."

"मी घरी गेलोच नाही तर कशाला पडेन?"

मला राग येत होता आणि रडूही. तेवढ्यात बोळातून आवाज आला. ओळखीचं रडणं, जवळ जवळ येणारं. ताई दारात येऊन उभी राहिली. खांद्यावर मुंगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"निकाल आला ना?" तिने मला विचारलं. मी मामाकडे पाहिलं.

"आला," मामा म्हणाला. त्याने पाना घेतला आणि कॉइलचा बोल्ट सोडवायला सुरुवात केली. "डॉक्टर म्हणाले तेच. माझंच जुनं. तू जा घरी, तिला इथे आणू नकोस."

ताई त्या पान्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही खोटं बोलताना कायम काहीतरी खोलायला घेता."

"हे कामाचं आहे."

"माझ्या लग्नाच्या वेळी विचारलं होतं, तब्येत ठीक आहे ना, तेव्हा तुम्ही मिक्सर खोलला होता." ती एक पाऊल आत आली. "हिच्याकडून आलं ना तुम्हाला?"

मामाचा पाना थांबला. मग तो फक्त एवढंच म्हणाला, "तिला काय कळतंय त्यातलं."

ताई रडायला लागली. मुंगी आधीच रडत होती, ती चेकाळली. आणि मी, मला दुसरं काही जमत नाही म्हणून, भराभर बोलायला लागले. ह्यात कुणाचा दोष नाही, हे बीजाणू, हे कवच, त्या बाटल्या. ताईने डोळे पुसले, ऐकलं आणि एकदम मागे सरकली.

"म्हणजे आता हिच्यापासून बाबांना जपायचं?"

"झालं!" मामा ओरडला. "आधी मी तिला विष, आता ती मला! मला कुणी हिला द्यायचंच नाही, असं ठरवलंय का तुम्ही सगळ्यांनी?"

"मामा, ऐक. उचलायला हरकत नाही. लंगोट तू बदलायचे नाहीत, ते ताई नाहीतर मामी करतील. त्यांनी मग हात साबणाने धुवायचे. आणि तू, तिला घेण्याआधी आणि ठेवल्यावर. साबण, नळ, नीट चोळून. बाटली नाही."

"धुतले की लगेच?"

"नीट धुतले की."

त्याने खिशातली बाटली काढून मोटारीवर ठेवली आणि मागच्या नळाकडे गेला. तिथे त्याचा ग्रीस काढायचा खरखरीत साबण होता, काळा पडलेला. मी तो घेऊ दिला नाही, माझ्या पिशवीतला दिला. नळ बारीक धरलेला. मामा मनगटापासून चोळायला लागला. नखांत वर्षानुवर्षांचं ग्रीस. दोन मिनिटं झाली नसतील, मान वळवून म्हणाला, "झालं?"

"अंगठे राहिले."

"अंगठे!" मागे मुंगीने श्वास कोंडून घेतला आणि पुन्हा सूर लावला. मामाचे खांदे तिकडे वळले, हात मात्र पाण्याखालीच. एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. "रडतेय ती. झालं ना आता?"

"बोटांच्या मधलं राहिलं."

"ही माझी भाची नव्हे, ही सासू आहे!"

शेवटी मी नळ बंद केला. ताईने धुतलेला पंचा पुढे केला, मग मुंगीला. मामाने तिला खांद्यावर टाकलं आणि चालू पडला, मोटारींमधून, दोरांच्या वेटोळ्यांवरून पाय उचलत, तोंडाने ती बारीक घरघर. मुंगीचं रडणं तुटत तुटत गेलं. ताई ग्रीसच्या डब्यावर बसली. तिच्या लक्षातही आलं नाही, की ड्रेस खराब होतोय.

ताई महिनाभर थांबली, मग गेली, जावंच लागणार होतं. घरातल्या बाटल्या गेल्या, त्या जागी साबण आले. तिसऱ्यांदा होणार नाही, असं मी मामाला वचन दिलेलं नाही. देता येत नाही. त्याचा फोन वाजला की अजूनही मी हातातलं टाकून उचलते, आणि बहुतेक वेळा तो विचारतो, मुंगी पुढच्या वेळी येईल तेव्हा लंगोट त्याने बदलले तर चालेल का.

ती मागच्या महिन्यात येऊन गेली. मी पोचले तेव्हा ती आत रडत होती आणि मामी हाका मारत होती, "अहो, येताय ना?" मामा बेसिनपाशी उभा होता. हात कोपरापर्यंत फेसात, पाय जागच्या जागी चालताहेत.

"अंगठे झाले," मला बघून तो म्हणाला. "पुढचं सांग लवकर."